सम ओळी, विषम ओळी

१

बापाने अकरा महिन्यांनी फोन केला, तो पोराची खुशाली विचारायला नव्हे. घरातलं यंत्र बंद पडलं म्हणून केला.

"इंजिनियर, डिस्क वाजत नाहीत. येऊन बघ." एवढं बोलून फोन ठेवला.

इंजिनियर हे त्याचं नाव नव्हे. तिसऱ्या वर्षाला त्याने कॉलेज सोडलं त्या दिवसापासून वडील त्याला तशी हाक मारत. टोमणा म्हणून सुरू झालं आणि घरात रुळलं. आई तेवढी 'राजा' म्हणायची, आणि आई आता नव्हती. तो दुसऱ्या शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लोकांच्या मेलेल्या हार्ड डिस्कमधून त्यांचे फोटो उकरून काढायचा. कॉलेजात तीन वर्षांत जे शिकला नाही ते तिथे तीन महिन्यांत शिकला होता. पण हे वडिलांना सांगण्यात अर्थ नव्हता. ज्या माणसाने जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले आणि स्वतःच्या घरात कोण कुठे बसून रडतं हे कधी पाहिलं नाही, त्याला काय सांगायचं?

वडिलांनी दार उघडलं. बॅगेकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहायचं राहून गेलं.

टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडून ठेवला होता. निवृत्त झाल्यावर वडिलांनी हाय डेफिनिशनचा कॅमेरा घेतला होता, आणि त्याला जोडून डिस्क लिहिणारं, वाजवणारं एक यंत्र. कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं की यंत्र लावायचं आणि घरच्या घरी डिस्क करायची. डब्यात अशा एक्केचाळीस डिस्क होत्या. प्रत्येकीवर नकाशावर लिहावं तशा ताठ अक्षरात क्रमांक आणि विषय. 'बाल्कनी, कुंड्या.' 'पाहुणे, रविवार.' शेवटच्या डिस्कवर होतं: '४१. मागची खोली.'

मागच्या खोलीत आई शेवटचे दहा दिवस झोपून होती.

त्या दहा दिवसांत मावशीचे सात फोन आले होते. त्याने सातही कापले. त्याला वाटलं, घरी बोलावून नाक घासायला लावायचा डाव आहे. आठवा फोन त्याने घेतला, पण पोहोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दारात मावशी उभी होती. म्हणाली, "आता कशाला आलास?"

तीन शब्द. ते त्याने अकरा महिने खिशातल्या किल्लीसारखे जपले होते. यंत्र दुरुस्त करायला तो आलाच नव्हता. तो एक्केचाळिसाव्या डिस्कसाठी आला होता. शेवटी आईने आपल्याला हाक मारली का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. मारली असेल तर ती कानांनी ऐकायची होती. तेवढी शिक्षा आपली हक्काची आहे, असं त्याला वाटत होतं.

वडील चहा घेऊन आले. ट्रेमध्ये तीन कप होते.

सवय जात नाही म्हाताऱ्याची, तो मनात म्हणाला.

२

यंत्राचा ड्राइव्ह कायमचा गेला होता. आतून खडे दळल्यासारखा आवाज यायचा. त्याने स्वतःचा लॅपटॉप काढला, डिस्क वाचणारा ड्राइव्ह जोडला आणि पहिली डिस्क सरकवली. ड्राइव्ह दोनदा गुरगुरला आणि पडद्यावर पाटी आली: डिस्क रिकामी आहे.

दुसरी. रिकामी. सतरावी. रिकामी. एक्केचाळिसावी त्याने बाहीला पुसून घातली. रिकामी.

"बाबा, तुम्ही या फायनलाइझ केल्या नव्हत्या?"

"म्हणजे?"

"डिस्क लिहून झाली की शेवटी ती बंद करायची असते. नाही केली तर दुसऱ्या कुठल्याही मशीनला ती कोरी दिसते. यंत्र विचारत असेल की दर वेळी."

"विचारायचं." वडील चष्मा पुसू लागले. "मी नाही म्हणायचो. एकदा बंद केली की पुढे काही भरता येत नाही. आणि दर डिस्कमध्ये थोडी थोडी जागा उरलेली असायची. चांगली जागा वाया का घालवायची?"

"आणि कार्डावरचं मूळ?"

"ते पुसायचो. कार्ड लागायचं ना पुढच्या वेळी."

त्याच्या डोक्यात सणक गेली. एक्केचाळीस डिस्क. एकही बंद केलेली नाही, एकीचंही मूळ शिल्लक नाही. याच माणसाने त्याला शाळेत असताना जुन्या वह्यांची कोरी पानं काढून नव्या वर्षाच्या वह्या शिवायला लावल्या होत्या. तीच काटकसर इथे नडली होती, आणि तोंडावर पश्चात्तापाचा मागमूस नाही.

"मी जागा ठेवली होती," वडील हट्टाने पुन्हा म्हणाले. "पुढे काही भरायचं निघालं असतं तर?"

"आई गेल्यावर काय भरणार होतात?"

वडिलांनी पुसलेला चष्मा चढवला. ते मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

३

बंद न केलेल्या डिस्क वाचायचा एक प्रोग्राम दुकानात होता. तो अनुक्रमणिका शोधत बसत नाही. डिस्कवरच्या पहिल्या वेढ्यापासून एकेक वेढा चाचपत जातो. त्याने एक्केचाळिसावी लावली. पंचवीस मिनिटं ड्राइव्ह रडला आणि मग पडद्यावर एक फाइल उगवली.

घरी केलेली डिस्क थेट वाजवायची नाही, हा दुकानातला पहिला नियम. चित्र भारी, डिस्क हळू, त्यामुळे सगळं अडखळतं. शिवाय वरचा रंगाचा थर जुना झालेला असतो, आणि दर वाचनागणिक डिस्क थोडी थोडी मरते. म्हणून आधी कॉपी करायची. त्याने फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली. नंतर खात्रीसाठी डिस्क परत लावून पाहिली, तर ती पुन्हा उघडली नाही. पुन्हा कधीच उघडली नाही.

म्हणजे आता जे होतं ते त्याच्याचकडे होतं.

त्याने फाइल लावली. पडदा काळा राहिला, आवाज सुरू झाला. हे नेहमीचंच. चित्राची गाठ सोडवणारं कोडेक वेगळं, आवाजाचं वेगळं. एक असतं, दुसरं नसतं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. तो काळ्या पडद्याकडे बघत ऐकत राहिला.

मागच्या खोलीतला पंखा. दर तिसऱ्या फेरीला त्याचं सैल पातं टक् करायचं, तसंच करत होतं. माइकजवळ वडिलांचा खोकला. मग श्वास, खरखरीत, लांब. मग आईचा आवाज, कागदाइतका पातळ:

"पाणी."

तो पुढे वाकला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पेल्यावरचं झाकण निघालं.

"हं, घे. हळू. ठसका लागेल."

घोट. आणखी एक घोट.

"आलास?" आईने विचारलं.

"इथेच आहे मी. कुठे जातोय?"

त्याने आवाज बंद केला. वडिलांचा आवाज घोगरा होता, हा तसा नव्हता. 'हळू' म्हणताना घशात किंचित खर यायची. ती खर त्याला ठाऊक होती. स्वतःचे व्हॉइस मेसेज पुन्हा ऐकताना त्याला तीच खटकायची. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की माणसाला लाज वाटते. त्याला आधी लाज वाटली. भीती नंतर वाटली.

४

त्याने डोकं चालवलं. आजारी माणसाकडे घरी येणारा एखादा ब्रदर असेल. ड्रेसिंग बदलायला येत असेल, पाणी पाजत असेल. कमी जागेत दाबून भरलेला आवाज कुणाचाही कुणासारखा वाटतो. आणि आई औषधांच्या गुंगीत ब्रदरला मुलगा समजली असेल. झालं. गणित सुटलं.

जेवायला बसताना वडिलांनी तीन ताटं घेतली.

"तिसरं कुणाला?"

"असू दे."

"बाबा, शेवटी आईजवळ कोण बसायचं? कुठला ब्रदर यायचा?"

"ब्रदर कशाला? तू होतास की."

"मी नव्हतो इथे."

"दहा दिवस खुर्चीवरून हलला नाहीस." वडिलांचा आवाज मऊ झाला होता. "मी म्हटलंसुद्धा, अरे, जरा पाठ टेक. ऐकशील तर शपथ."

या सुरात वडील त्याच्याशी उभ्या जन्मात बोलले नव्हते, आणि त्या मऊपणाचाच त्याला जास्त राग आला. म्हाताऱ्यांची ही एक सोय असते. आधी पोराला घराबाहेर काढायचं, आणि मग विसरायचा आजार लावून घेऊन तो घरातच होता असं आठवायचं.

"तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय? डिग्री घेतल्याशिवाय या घरात पाय ठेवू नकोस."

"मग घेतलीस की," वडील म्हणाले आणि त्याला वाढू लागले. "त्या दिवशी तुला आजोबांचं घड्याळ दिलं."

घड्याळ डिग्रीनंतर मिळणार होतं, म्हणजे कधीच मिळणार नव्हतं. जेवण टाकून तो उठला आणि कपाटाचा खण उघडला. डबीत घड्याळ होतं. चालू होतं. रोज किल्ली दिल्याशिवाय न चालणारं घड्याळ होतं ते. वडील देत असतील किल्ली, दुसरं कोण देणार? पण पट्टा तिसऱ्या भोकापाशी दुमडून दुमडून पांढरा पडला होता, आणि वडिलांचं मनगट जाड. त्यांना शेवटचं भोकसुद्धा आवळायचं.

त्याने घड्याळ मनगटाला लावून पाहिलं. तिसरं भोक बरोबर बसलं. धातू कोमट होता. कुणीतरी नुकतंच काढून ठेवावं तसा.

५

मावशी खालच्या मजल्यावर राहायची. एक जिना उतरायची हिंमत नव्हती म्हणून त्याने फोन लावला. मावशीची जीभ म्हणजे वस्तरा होती. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. निदान जग जागेवर आहे हे कळलं असतं.

"मावशी, मी बोलतोय."

"कोण, राजा? अरे, घसा का बसलाय तुझा? सकाळी जिन्यात भेटलास तेव्हा बरा होतास की."

सकाळी तो गाडीत होता.

"मावशी, आई गेली त्या दिवशी तू दारात उभी होतीस. मला काय म्हणाली होतीस?"

"मी? काय म्हणणार? म्हटलं, दोन घास खा आणि पड जरा. डोळे बघितले होतेस का स्वतःचे?"

"तू म्हणालीस, आता कशाला आलास."

 मावशी बोलली ती दुखावून. "असं मी तुला म्हणेन? तुला? माझ्या बहिणीचं शेवटचं सगळं तू केलंस. शत्रूलासुद्धा नाही बोलणार मी असलं. कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"तू फोन केले होतेस मला. सात."

"घरातल्या घरात कशाला फोन करू, बाळा? झोप झाली नाही का तुझी?"

त्याने फोन ठेवला. अकरा महिने जपलेली जखम कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून नेली होती. खाली कातडी जशीच्या तशी. त्याने ती बोटांनी चाचपावी तसं स्वतःशी म्हणून पाहिलं, आता कशाला आलास. वाक्य आठवत होतं. मावशीचा आवाज आठवेना.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चित्राचं मनावर घेतलं. कोडेक घातलं. चित्र आलं आणि तिसऱ्या सेकंदाला गोठलं, आवाज पुढे निघून गेला. ग्राफिक्स कार्डाकडून काम काढून त्याने ते प्रोसेसरकडे दिलं. लॅपटॉपचा पंखा किंचाळू लागला, आणि आई हलली.

ती पलंगावर होती. एवढीशी झाली होती. उशाशी स्टूल, स्टुलावर झाकलेला पेला. पलंगाशेजारी लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत पट्टे.

तो पडद्याजवळ गेला. खुर्चीच्या जागी आडव्या रेघा थरथरत होत्या, फणीच्या दातांसारख्या. रेघांमधून मागची भिंत दिसत होती, आणि भिंतीच्या रेघांआड खुर्चीत काहीतरी बसलेलं.

हेही नेहमीचंच, त्याने स्वतःला बजावलं. अशा कॅमेऱ्याचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांची वेणी असते. विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी लगेच पुढच्या क्षणाच्या. जुना टीव्ही त्या एकापाठोपाठ एक दाखवतो, डोळ्याला फरक कळत नाही. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या गोष्टीच्या कडेला दाते पडतात. हलणाऱ्या.

खुर्ची हलत नव्हती. त्यात जे होतं तेही हलत नव्हतं. तरी दाते होते, आणि मिनिटांमागून मिनिटं होते.

उपाय सोपा होता. वेणी सोडवायची. प्रोग्राममध्ये तशी सोय असते. त्याने फाइलच्या दोन फायली केल्या आणि आधी विषम ओळींची लावली.

खुर्चीत पाठमोरं कुणीतरी होतं. आखूड कापलेले केस, वडिलांना आवडायचे तसे. इस्त्रीचा सदरा. हात पुढे झाला, पेला उचलला, आईच्या मानेखाली दुसरा हात गेला. मनगटावर घड्याळ, तिसऱ्या भोकात. आई पाणी प्यायली आणि तिने डोळे मिटले. चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं. त्या माणसाची मान किंचित वळली, गालाची कड दिसली आणि तिथेच थांबली. कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळल्यावर माणूस थांबतो तशी.

त्याने घाईने ती बंद केली आणि सम ओळींची लावली.

खुर्ची रिकामी होती.

तीच खोली, तीच वेळ, तोच पंखा. आईची मान दाराकडे वळलेली. आवाज मघाचाच होता, 'हळू, ठसका लागेल', पण खोलीत ते म्हणणारं कुणी नव्हतं. आईचे ओठ त्या आवाजाशी जुळत नव्हते. ते काहीतरी निराळंच बोलत होते. उघडायचे, रुंदावायचे, पुन्हा उघडायचे. त्याने मागे घेऊन सहा वेळा पाहिलं. सहाव्या वेळी त्याचेही ओठ तसेच हलले, आणि त्याला कळलं. रा. जा.

राजा. राजा. मग ओठ मिटायचे, उघडायचे. पाणी. पुन्हा राजा.

अकरा मिनिटं. पेला भरलेला, झाकलेला. कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर. आणि कॅमेरा सबंध अकरा मिनिटांत एकदाही हलला नव्हता.

७

"जमलं?" वडील मागे येऊन उभे होते.

त्याने त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि सम ओळी पुन्हा सुरुवातीपासून लावल्या.  बघ म्हणावं. बस आणि बघ.

वडिलांनी चार मिनिटं पाहिलं. पाचव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढला.

"ही खराब झालेली आहे. ही काढून टाक."

"पेला कुठे आहे, बाबा?"

"खराब आहे ती, सांगतोय ना."

"हातभर अंतरावर आहे. ती अकरा मिनिटं पाणी मागतेय आणि तुम्ही शूटिंग करताय."

"स्टँड तुटलं होतं," वडील म्हणाले. अगदी बारीक आवाजात, चुकलेल्या नकाशाचं कारण साहेबाला सांगावं तसं. "कॅमेरा हातात धरायला लागत होता. हात सोडला असता तर हललं असतं सगळं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजचाच दिवस. मला वाटलं, आपल्याकडे निदान चांगलं तरी राहू दे. न हललेलं."

त्याच्या तोंडून हसू निघालं. घाणेरडं, खोकल्यासारखं.

"आणि मग तू होतास ना द्यायला," वडील मान वर न करता म्हणाले. "तू दिलंस की. मी रोज बघायचो यंत्रावर. रोज तू द्यायचास. पहिले काही दिवस खुर्ची अशी रिकामी दिसायची. मग एकदा तू दिसलास. मग रोज."

"तो मी नाही."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट, तोंडाकडे. ओळख पटवण्यासाठी पाहावं तसं. मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

८

नवी डिस्क ड्राइव्हमध्ये होती. प्रोग्राम विचारत होता: कोणत्या ओळी ठेवायच्या? दोन्ही ठेवल्या तर पट्टे येणार. एकच जोडी निवडायची होती.

त्याने 'सम' निवडलं. यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. हेच खरं होतं. याच खऱ्यात तो फोन कापत दुसऱ्या शहरात बसला होता, मावशीने त्याला दारात तोडलं होतं, बापाने बायकोला तहानेलं ठेवलं होतं. डिस्क करायची, कुठल्याही यंत्रावर वाजेल अशी नीट बंद करायची, ड्राफ्ट्समनच्या अक्षरात वर क्रमांक घालायचा आणि म्हाताऱ्याच्या उरावर ठेवून निघून जायचं. बघ रोज. मरेपर्यंत बघ.

बोट बटणावर होतं. बाजूच्या चौकोनात नमुना म्हणून चित्र पुन्हा पुन्हा फिरत होतं. राजा. पाणी. राजा.

दर वेळी. हे त्याच्या आत हळूहळू उतरलं. म्हातारा ही लावेल तेव्हा दर वेळी ती अकरा मिनिटं दाराकडे बघेल. दर वेळी तिचे ओठ सुकतील. शिक्षा म्हाताऱ्याला, आणि भोगायची तिने. त्याला जी हाक ऐकायची होती ती त्याला मिळाली होती. आवाजाशिवाय का होईना, मिळाली होती. ती एकदा पुरे होती.

त्याला पुरतं कळलं होतं, असं नाही. पण खणातलं कोमट घड्याळ, तिसरं ताट, मावशीचा गोड आवाज हे सगळं त्याच्या मानेवर येऊन बसलं होतं. या घरात एकालाच जागा होती. वडिलांनी ती आधीच राखून ठेवली होती, त्या न भरलेल्या डिस्कमधल्यासारखी.

त्याने 'सम' काढलं. 'विषम' निवडलं.

चाळीस मिनिटांनी पाटी आली: डिस्क बंद करायची? यानंतर बदल करता येणार नाही.

हो.

ड्राइव्ह गुरगुरला, फिरला, थांबला. त्याने लॅपटॉपवरची सम ओळींची फाइल उघडून पाहिली. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. मूळ फाइल उघडली. पट्टे गेले होते. चित्र काचेसारखं स्वच्छ. आई पाणी पीत होती.

९

वडील ट्रे घेऊन बाहेर आले. त्यात दोन कप होते.

"झालं का हो तुमचं काम?"

त्याला वाटलं, हा नवा टोमणा. "बाबा..."

"छान दिसतंय," वडील पडद्याकडे बघत म्हणाले, कारागिराला खूश करायला म्हणतात तसं. "एक करा. जाता जाता माझ्या मुलाला दाखवून जा, कशी लावायची ते. मला यातलं कळत नाही. तो इंजिनियर आहे, त्याला लगेच कळेल."

इंजिनियर हा शब्द त्यांनी कधी असा उच्चारला नव्हता. छाती भरून. त्यात टोमण्याचा कणसुद्धा नव्हता.

दोन्ही कप घेऊन ते त्याच्या बाजूने मागच्या खोलीकडे गेले. दार अर्धवट उघडं राहिलं. आत पंख्याचं पातं टक् करत होतं. खुर्ची कुरकुरली, कुणीतरी उठल्यासारखी. वडील काहीतरी बोलले आणि कुणीतरी हसलं. या घरात आपण शेवटचं कधी हसलो ते त्याला आठवत नव्हतं.

तो दारापर्यंत गेला. आत डोकावला नाही. दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला, तळवा वर करून. इस्त्रीची बाही. घड्याळ, तिसरं भोक.

त्याने डिस्क त्या हातावर ठेवली.

"हळू," आतून त्याचाच आवाज म्हणाला. "ओरखडा पडेल."

बॅग उचलून तो बाहेर पडला. मागे दाराची कडी लागली. घाई नाही, राग नाही, रोज दुपारी लागते तशी.

जिन्यात मावशी वर येत होती. हातात झाकलेलं भांडं होतं, बहुधा राजासाठी काहीतरी केलं असावं. वळणावर दोघं समोरासमोर आली. ती थांबली. त्याच्या न कापलेल्या केसांकडे, बॅगेकडे, तोंडाकडे पाहिलं.

"कोण हवंय आपल्याला?"

तो कठडा धरून उभा राहिला. तीन शब्द. तिने फक्त ते तीन शब्द म्हणावेत, वाटेल तेवढ्या विखारी सुरात म्हणावेत, म्हणून तो उभा राहिला.

मावशीने आणखी एकदा विचारलं, तितक्याच सभ्यपणे. मग अंग चोरून ती भिंतीला टेकली आणि अनोळखी माणसाला खाली जायला वाट दिली.